दुसऱ्या मजल्यावरचा जाळीचा दरवाजा

मंडळी, जरा बसून घ्या. मागे उभे आहेत त्यांच्यासाठी खांबाजवळ चार खुर्च्या रिकाम्या आहेत, मी मघाशीच बघून ठेवल्यात.

मी लेले. बी विंग, दुसरा मजला. सोसायटीतले लोक मला ओळखतात, आणि ओळखतात म्हणूनच मी उठल्यापासून एकमेकांकडे बघतायत. गावंडेंच्या शोकसभेत हा माणूस काय बोलणार? बरोबर आहे तुमचं. तुमच्या जागी असतो तर मीही बघितलं असतं. पण वर्ध्याकडून पाहुणे आलेत, त्यांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. मधुकर गावंडे, पाचवा मजला, मंगळवारी सकाळी पेपर वाचता वाचता गेले. आणि चार वर्षांपूर्वी याच पार्किंगमध्ये, तुम्हा सगळ्यांसमोर, त्यांच्यावर आरोप केला होता तो मी.

तो आरोप मागे घ्यायला उभा आहे. मला बोलता येत नाही. म्हणजे नोटिसा लिहिता येतात, त्या तुम्ही वाचता. हे असलं बोलता येत नाही. कागदावर लिहून आणलं होतं, ते खिशातच राहू दे.

आधी मी गावंडे वहिनींकडे गेलो होतो. मी आणि आमची ही, दोघं, बुधवारी. वहिनींना सांगितलं की चूक आमची होती, तुमच्या माणसाची नव्हती. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. आम्हाला पाणी दिलं. मग एवढंच म्हणाल्या, "मले घरात येऊन नका सांगू, भाऊजी. जिथं बोलले होते, तिथं सांगा."

म्हणून इथे उभा आहे. वहिनी, तुम्ही समोर बसला आहात ते बरं झालं. मी काही गाळलं तर मला थांबवा.

खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात मी चौतीस वर्षं काढली. आमच्या कामात माल चांगला आहे असं धरून चालत नाहीत. आधी खराब धरायचा, आणि मग तो चांगला आहे हे त्याने सिद्ध करायचं. तिथे ते योग्यच होतं, तिथे एक नग चुकला तर कोणाचा तरी हात जातो. घोटाळा असा झाला की मी निवृत्त झालो आणि सवय नोकरीवरच राहिली. भाजीवाल्याने मूठभर कढीपत्ता जास्त दिला की मला वाटतं, भेंडी जून दिसतेय. मुलगा अमेरिकेतून फोनवर गोड बोलला की मी हिला विचारतो, काय हवंय त्याला? ती बिचारी म्हणते, काही नको असेल. मी म्हणतो, बघ.

आणि अशा माणसाच्या डोक्यावर, तीन मजले वर, गावंडे राहायला आले.

ते दिवस आठवा. हिंजवडीच्या कंपन्या नुकत्या भरायला लागल्या होत्या. आपल्या वारज्यात शेतं जाऊन इमारती उठत होत्या. रस्ता यायचा होता, पाणी यायचं होतं, फ्लॅट मात्र विकून झाले होते. त्यांच्या निलेशला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली, त्याने पाचव्या मजल्यावर घर घेतलं आणि आईवडिलांना गावाहून घेऊन आला. निलेश, बस रे, उठू नकोस.

पहिल्याच आठवड्यात आपल्या गेटसमोर चर खणला गेला. इंटरनेटची केबल टाकायला. छातीएवढा खोल. सगळ्यांच्या गाड्या आत अडकल्या. आम्ही गेटवर उभे राहून ठेकेदाराच्या नावाने बोटं मोडत होतो, आणि हा नवीन माणूस, लेंगा आणि वर अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चराच्या कडेला उकिडवा बसून आत बघतोय. मला म्हणाला, लेले साहेब, पाहा ना, माती तीन रंगाची आहे. मी म्हटलं, मग? म्हणे, वरचा मुरूम बिल्डरचा, मधली काळी शेताची, अन् खालची कोणाची ते माहीत नाही. मग स्वतः जाऊन ज्यांची ही जमीन होती त्या तात्यांना घेऊन आले. तात्या चराच्या काठावर उभे राहून सांगायला लागले, हितं आमची भाताची खाचरं व्हती, आन् तुमची लिफ्ट हाय ना, तितं इहीर व्हती. ठेकेदाराला शिव्या घालणारी माणसं अर्धा तास विहिरीचं ऐकत उभी राहिली. ऑफिसला उशीर झाला. तो होणारच होता.

मला काय वाटलं? मला वाटलं, हा ठेकेदाराचा माणूस. लोकांचं लक्ष दुसरीकडे वळवायला आणून बसवलेला.

हसताय? हसा. त्यांना चाललं असतं.

मग भारनियमन सुरू झालं. संध्याकाळी दोन-दोन तास वीज नाही. गावंडे वरून एकेक दार वाजवत खाली यायचे आणि सगळ्यांना पार्किंगमध्ये आणायचे, खाली वारा लागतो म्हणून. अंधारात नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायचा, असा खेळ काढला त्यांनी. तीन-तीन वर्षं एका इमारतीत राहून आपल्याला एकमेकांचे आवाज माहीत नव्हते, हे तेव्हा कळलं. तिसऱ्या मजल्यावरचं ते तेलुगू जोडपं, दोघंही कंपनीत जाणारी, ते आपल्याला पहिल्यांदा भेटलं ते अंधारातच. आमचं दारही वाजायचं. ही चपला घालून निघायची आणि मी म्हणायचो, कशाला जातेस, डास आहेत. मग ती चपला काढायची. मी गॅलरीतून ऐकत बसायचो.

मला काय वाटलं? विमा एजंट. आधी ओळखी, मग चहा, मग पॉलिसी. सहा महिने वाट बघितली, पॉलिसी काही निघाली नाही. मग वाटलं, ती साबण आणि पावडरी विकायची साखळी असते ना, त्यातला असेल. त्या काळात आपल्या ओळखीत एक तरी तसा माणूस असायचाच. तेही नाही. मग महापालिकेची निवडणूक आली. मी हिला म्हटलं, बघ आता, उभा राहतो की नाही. उभे राहिले, पण माझ्या मागे, मतदानाच्या रांगेत. रांग तासभर हलत नव्हती. तेवढ्या वेळात त्यांनी पुढच्या बाईंकडून शेवग्याच्या शेंगांचं पिठलं कसं करतात ते शिकून घेतलं, आणि मागच्या माणसाला शिकवलंसुद्धा.

शेवटी निलेशला जिन्यात गाठलं. म्हटलं, तुझे वडील नक्की काय करतात? तो म्हणाला, काका, रिटायर्ड आहेत, बसस्टँडवर कंट्रोलर होते. म्हटलं ते माहीत आहे, आता हे सगळं करतात ते कशासाठी? निलेश, तुला आठवतं? तू म्हणालास, ते असेच आहेत.

असेच कोणी नसतं. माझा चौतीस वर्षांचा अनुभव होता.

मग एक दिवस सरळ त्यांनाच विचारलं. टँकर आला नव्हता, सगळी सोसायटी बादल्या घेऊन खाली उभी होती, आणि गावंडे बादली पालथी घालून तिच्यावर बसले होते. म्हटलं, गावंडे, खरं सांगा, तुम्हाला राग येत नाही? ते म्हणाले, येते ना साहेब, लय येते. मग म्हणाले, तीस वर्षं स्टँडवर माईक घेऊन बसलो. गाडी दोन घंटे उशिरा आहे म्हणून सांगायचं अन् लोकांच्या शिव्या खायच्या, हेच काम. एक दिवस त्यांच्या तोंडून निघून गेलं, गाडी उशिरा आहे, तोवर स्टँडाच्या मागं चिंचेखाली सावली चांगली आहे. लोक उठले आणि सावलीत गेले. गाडी उशिराच आली, पण त्या दिवशी कोणी खिडकीवर हात आपटला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं, शाळेच्या भिंतीवर नवीन चित्रं काढली, पाहून या. मग रोज काहीतरी शोधून ठेवावं लागायचं म्हणे. सकाळी ड्युटीवर येताना ते गावातून चक्कर मारून यायचे, आज लोकांना काय दाखवू म्हणून.

मी ऐकून घेतलं आणि घरी येऊन हिला म्हटलं, माणूस बेरकी आहे.

आता लिफ्टचं. पाहुण्यांसाठी सांगतो. आमची लिफ्ट जुन्या धाटणीची आहे, जाळीचे दरवाजे, हाताने ओढून लावायचे. दरवाजा बोटभर जरी उघडा राहिला तरी लिफ्ट जागची हलत नाही. खालचा माणूस बटण दाबून कंटाळतो, मग वर तोंड करून ओरडतो, दरवाजा लावा. कोणी नाही लावला तर जिना चढून, लिफ्ट जिथे अडकली असेल तिथे जाऊन, स्वतः लावतो.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात हे फार वाढलं. आणि दर वेळी लिफ्ट अडकलेली असायची दुसऱ्या मजल्यावर. माझ्या मजल्यावर. लोक माझ्याकडे संशयाने बघतायत असं मला वाटायला लागलं, आणि ते मला सहन होईना. मी नोटीस लावली: "दरवाजा नीट लावण्यास शिक्षण लागत नाही. तरीही न जमल्यास जिना उपलब्ध आहे." उपयोग शून्य. मग मी वही घातली. तारीख, वेळ, दरवाजा किती उघडा, जिन्यात कोण. पट्टीने मोजायचो. दीड महिन्यात अकरा नोंदी झाल्या. अकरापैकी नऊ वेळा, मी फिरून आलो किंवा आतल्या खोलीतून बाहेर आलो, तर गावंडे आमच्या दाराशी उभे. हातात पाण्याचं भांडं, शेजारी जिना चढून दमलेला एखादा माणूस, कधी दोघंतिघं, आणि दारात आमची ही. सगळे हसतायत. लिफ्ट बंद आहे आणि लोक हसतायत. कुठला तपासनीस हे सोडून देईल, मला सांगा?

लपवत नाही, माझ्या मनात तसलाही संशय येऊन गेला. सत्तरीला टेकलेला माणूस मी. ही पुढच्या रांगेत बसली आहे, तिला हे आत्ताच कळतंय. घरी गेल्यावर बघू काय ते.

मग ती रविवारची सभा. सकाळी दहा वाजता, इथेच. मी वही उघडली आणि अकराच्या अकरा नोंदी वाचून दाखवल्या. आणि म्हटलं, माझेच शब्द सांगतो, बदलत नाही. म्हटलं, या माणसाला दुसऱ्याची अडचण झालेली आवडते. लोक अडले की याला आनंद होतो. आणि लोक पुरेसे अडत नाहीत म्हणून आता हा स्वतः अडवायला लागला आहे.

गावंडे उठले. बायका बसल्या होत्या त्या रांगेकडे त्यांनी एकदा बघितलं. मला वाटलं, बायकोकडे बघतायत. मग म्हणाले, "हो साहेब. दरवाजा मीच उघडा ठेवत होतो. चुकलं माझं."

ठराव झाला. सूचक मी. गावंडे यांनी एक महिना लिफ्ट वापरू नये, आणि ठराव फलकावर लावावा. माझ्याच अक्षरात लावला. वहिनी, त्या महिन्यात तुम्ही खाली उतरला नाहीत. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही आला नाहीत. तुमच्या नवऱ्याने असला पोरकटपणा केला, असं तुम्हालाही वाटत राहिलं. तुम्ही त्यांना विचारायचात आणि ते नुसते हसायचे, हे तुम्ही बुधवारी सांगितलंत. चार वर्षं तुम्ही त्यांच्या वतीने मान खाली घातलीत. ती घालायला लावली मी.

आणि गंमत बघा. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून दरवाजा उघडा राहायचा थांबला. एकदाही नाही. मी वहीत लिहिलं, निष्कर्ष बरोबर, आणि खाली सही केली.

मंडळी, इतक्या सहज कोणी कबूल होत नाही. कारखान्यात मी हे रोज बघितलंय. ज्याची चूक असते तो आधी मशीनचं नाव घेतो, मग शेजारच्याचं, मग अंगात ताप होता म्हणतो. पहिल्या प्रश्नाला "हो, मीच" म्हणणारा भेटला की मी प्रकरण पुन्हा तपासायला घ्यायचो, कारण तो कोणाला तरी पाठीशी घालत असायचा. इथे नाही घेतलं. जन्मभर ज्याच्यात्याच्यावर संशय घेतला, आणि जिथे घ्यायलाच हवा होता तिथे मला तो सुचलाही नाही. का नाही सुचला? मला हवं ते उत्तर मिळालं होतं.

तो महिना गावंडे जिना चढले. पाच मजले, दिवसातून दोनदा, तीनदा. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर खिडकी आहे, तिच्यातून टेकडी दिसते आणि बायपासवरचे ट्रक खेळण्यातले वाटतात, हे आपल्याला कोणी दाखवलं? लिफ्टमधून टेकडी दिसत नाही. त्यांनी तिथे एक घडीची खुर्ची आणून ठेवली. मी लगेच नोटीस काढली, जिन्यात खुर्ची ठेवणे नियमबाह्य. पण तोवर चौथ्या मजल्यावरच्या कदम आजी एक मजला उतरून रोज तिथे बसायला लागल्या होत्या. त्यांना कोण उठवणार? नोटीस त्यांनी वाचली आणि मला विचारलं, लेले, तुम्ही कधी बसलात का इथे? पुढे एकदा कोणी नाही असं बघून मी बसलो. टेकडी दिसते. चांगली दिसते.

त्याच महिन्यातलं एक सांगायचं आहे. आमच्या दाराला भिंग आहे आणि मी त्यातून बघतो, हे तुम्हाला माहीत आहे, उगाच नाही कशाला म्हणू. एक दिवस भर उन्हात गावंडे मंडईतून आले, दोन्ही हातात पिशव्या. आमच्या दारासमोरच्या पायरीवर बसले आणि गुडघा चोळायला लागले. चेहरा इतका उतरला होता की क्षणभर मी ओळखलंच नाही. चार-पाच मिनिटं तसेच बसून होते. मग खालून कोणाच्या तरी चपला वाजल्या. त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, पाठ सरळ केली, आणि तो माणूस वळणावर येईपर्यंत चेहरा पूर्ववत केला. त्याला म्हणाले, या या, बसा, इथं गार वारा येते.

मला झालेला आनंद काय सांगू? पकडला, म्हटलं. सगळं नाटक आहे. हा माणूस खोटा आहे आणि मी तो स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. हिलाही सांगितलं. ती उठून आत गेली.

आता मला वेगळं वाटतं. या माणसाला आनंद आपोआप होत नव्हता. त्यांना तो करावा लागत होता, गुडघा ठणकत असताना, खाली फलकावर नाव लागलेलं असताना. मी आयुष्यभर तयार माल तपासला. तो तयार करायला माणसाला काय कष्ट पडतात, ते बघायला कधी गेलो नाही.

मंगळवारी स्मशानातून आलो. आंघोळ झाली. ही स्वयंपाकघरात गेली नाही, कॉटवर बसून राहिली. मी विचारलं, बरं वाटत नाही का? तर म्हणाली, "दरवाजा मी उघडा ठेवत होते."

मी म्हटलं, कुठला दरवाजा?

मंडळी, हे मी तिला विचारून सांगतोय. खरं तर तीच उभी राहणार होती. मी म्हटलं, आरोप मी केला, मागेही मीच घेणार.

आमच्या दारावर मी पाटी लावली होती: "काम असेल तरच बेल वाजवावी." काम कोणालाच नव्हतं. आठवडेच्या आठवडे बेल वाजायची नाही. मुलाचा फोन रविवारी, तोही दहा मिनिटं. बाकी दिवसभर तिच्याशी बोलायला मी, आणि मी काय बोलणार? दूध पातळ आलं, पेपरवाल्याने पुरवणी काढून घेतली. मग एक दिवस लिफ्ट आमच्या मजल्यावर खरोखरच अडकली. जिना चढून आलेल्या बाईंना हिने पाणी दिलं. त्या थांबल्या, टेकल्या, पंधरा मिनिटं बोलल्या. हिला त्या दिवशी बरं वाटलं. दोन दिवसांनी मी बाहेर गेलेला बघून हिने स्वतः लिफ्ट बोलावली, दरवाजा बोटभर उघडा ठेवला आणि पाण्याचा तांब्या भरून दारात उभी राहिली.

माझी बायको. चाळीस वर्षं संसार केलेली. माणूस दिसावं म्हणून तिला लिफ्ट अडवायला लागली.

तिसऱ्या की चौथ्या वेळी गावंडेंनी तिला बघितलं. ते जिन्याने उतरत होते. हिला वाटलं, आता हे खाली जाऊन सांगणार. तर ते म्हणाले, वहिनी, बारा ते एकच्या मधात नका करत जाऊ, कदम आजी दवाखान्यातून येतात. एवढंच. आणि त्या दिवसापासून लिफ्ट अडकली की ते स्वतः पाचव्या मजल्यावरून उतरून आमच्या दाराशी यायचे. चढून आलेला माणूस चिडलेला असतो, तो हिच्यावर उखडू नये म्हणून. त्याला टेकवायचे, हसवायचे, गप्पांना लावून द्यायचे. माझ्या वहीतल्या नऊ नोंदी त्या. नोंदी सगळ्या खऱ्या होत्या.

सभेनंतर हिने त्यांना जिन्यात गाठलं. रडली. म्हणाली, मी यांना सांगते, तुम्ही कशाला अंगावर घेतलंत? त्यावर गावंडे जे म्हणाले ते हिला शब्द न् शब्द पाठ आहे. म्हणाले, "वहिनी, तुमचं नाव निघालं असतं तं साहेबांनी घरात तुमच्यावर वही घातली असती. माझं काय, मी पाचव्या मजल्यावर राहतो."

मंगळवारपासून हे वाक्य घेऊन फिरतोय. ते खोटं ठरवायला जागा शोधली. सवयच आहे. सापडली नाही. मी घातली असती वही. तारीख, वेळ, कोण आलं, किती वेळ बसलं. ते मला एका वर्षात जेवढं ओळखून होते, तेवढं मी स्वतःला कधी ओळखलं नाही. मला लाज वाटते. तुमच्यासमोर वाटते, वहिनींसमोर वाटते, आणि सगळ्यात जास्त हिच्यासमोर वाटते, कारण चार वर्षं तिला माझ्या घरात खरं बोलायची भीती वाटत होती.

डॉक्टरांना विचारलं, त्या महिनाभराच्या जिन्याचा आणि या जाण्याचा काही संबंध असेल का? ते म्हणाले, छे हो, चार वर्षांनी कसला संबंध. खरं असेल त्यांचं. मला पटलंय असं मी सांगणार नाही.

पाटी काल काढली. स्क्रू गंजले होते, तासभर गेला. त्या तासात जिन्यातून सहा माणसं गेली आणि सहाही जणांनी विचारलं, काय चाललंय. आमच्या दारात एका तासात सहा माणसं. एकाने तर पक्कड आणून दिली. मला आधी वाटलं, याला आत डोकावायचं असेल. वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पक्कड घेतली, आणि त्याला आत बोलावलं.

आता शेवटचं, आणि हे नियमाप्रमाणे. अध्यक्ष मघाशी माझ्या कानात म्हणाले की जुना ठराव असा शोकसभेत रद्द होत नाही, वार्षिक सभेत विषय घेऊ. अध्यक्ष, वार्षिक सभेला पंधरा माणसं जमत नाहीत. आज तिन्ही विंगची माणसं आहेत, बाहेर रस्त्यावरही उभी आहेत. ज्यांच्यासमोर मी गावंडेंना मान खाली घालायला लावली ते सगळे आहेत. वहिनींनी मला जागा सांगितली होती, ती हीच.

तर ठराव मांडतो. मधुकर गावंडे यांनी लिफ्टचा दरवाजा कधीही उघडा ठेवला नाही. त्यांच्याविरुद्धचा ठराव चुकीचा होता, तो रद्द करण्यात यावा आणि तसं फलकावर लिहावं. लोकांची अडचण झालेली त्यांना आवडते, हे मी म्हटलं होतं, ते मी मागे घेतो. त्यांना अडलेली माणसं आवडत होती. सूचक, लेले.

अनुमोदक कोण?

ही उभी राहिली आहे. लिहून घ्या, अनुमोदक शालिनी लेले.

मंजूर असेल त्यांनी आज हात वर करू नका, उभे राहा. वहिनी, तुम्ही बसून राहिलात तरी मला समजेल. माफी मागितली म्हणून ती मिळालीच पाहिजे असं काही नसतं.

वहिनी.

बरं. निलेश, आईला हात दे.

सभेत हात मी मोजतो, आणि दोनदा मोजतो, हे तुम्हाला माहीत आहे. शोकसभेतही मी एक डोळा किलकिला ठेवून कोण घड्याळ बघतंय ते बघत आलो. आज मोजत नाही. कोण उभं आहे आणि कोण नाही, मला बघायचं नाही. मी डोळे मिटतोय. गावंडेंसाठी दोन मिनिटं असेच उभे राहा.